सागवानाचे वकीलपत्र

मी कॉमर्सचा पदवीधर आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे लाकूड या विषयावर मी पुढे जे काही बोलणार आहे, त्याची जबाबदारी वनस्पतिशास्त्रावर, सुतारकामावर किंवा सौंदर्यशास्त्रावर येणार नाही. बी. कॉम.च्या तीन वर्षांत लाकडाशी माझा संबंध बाकापुरता आला आणि नंतरची बावीस वर्षे बँकेच्या काउंटरपुरता. तरीही आज मी सागवानाचे वकीलपत्र घेऊन आपल्यापुढे उभा आहे. अशिलाला बोलता येत नाही, फी मिळण्याची आशा नाही, आणि विरुद्ध बाजूला माझी बायको आहे. असला खटला कोणताही शहाणा वकील घेणार नाही. म्हणून तो माझ्याकडे आला.

तर यंदा दिवाळीआधी आमच्या घरात रंगकाम निघाले. आपल्याकडे कामे ‘निघतात’. जणू ती भिंतीत दडूनच बसलेली असतात. प्रत्यक्षात रंगकामातून निघतात ते पैसे. भिंतींची छटा ठरायलाच आमच्याकडे तीन आठवडे गेले. छटांचे पुस्तक समोर धरून बायको आणि मुलगी मोतिया, दुधिया, हस्तिदंती असे शब्द उच्चारीत होत्या. शेवटी माझेही मत विचारण्यात आले. मी बराच वेळ पाहून “ही बरी आहे” म्हणालो. ती छटा नसून पुस्तकाच्या मलपृष्ठाचा कोरा कागद आहे, असे मला सांगण्यात आले. त्यानंतर भिंतींच्या बाबतीत मला कोणी त्रास दिला नाही.

पण मग रंगवाल्यांनी पुढच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केले आणि विचारले,

“साहेब, दारांना काय करायचं? ऑइलपेंट मारू का पॉलिश?”

रंगवाल्यांच्या भाषेत रंग ‘मारतात’. सागवानाच्या बाबतीत हे क्रियापद किती अचूक आहे, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नसावे.

“ऑइलपेंट. पांढरा,” बायको म्हणाली. “दार उघडलं की वखारीत शिरल्यासारखं वाटतं, अहो. सगळा काळोख.”

“बाबा, ब्राउन आता कोणीच करत नाही,” मुलीने फोनवर पंधरा-वीस पांढरी दारे दाखवली. त्या घरांतून माणसे दिसत नव्हती. बहुधा दार मळेल म्हणून बाहेर काढली असावीत.

“ब्राउन आपण केलेला नाही,” मी म्हणालो. “तो झाडाने केलेला आहे.”

“पॉलिशला घासाई फार, साहेब,” रंगवाले मध्ये पडले. “त्याचा माणूस वेगळा लागतो. पेंट काय, दोन दिवसांत मोकळे. पुढं सात-आठ वर्षं बघायला नको.”

तीन विरुद्ध एक. आई झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होती. ती काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा ती कोणाच्या बाजूची आहे हे कळायला अण्णांना चाळीस वर्षे लागली होती; मला अजून लागायची आहेत.

वाचकहो, इथे मी माझा मुद्दा सरळ मांडतो. सागवानावर रंग देणे हा गुन्हा असायला हवा. जाळपोळीएवढा नाही, पण निदान विनातिकीट प्रवासाएवढा तरी. माझी तक्रार रंगाशी नाही. सावंतवाडीची लाकडी फळे पाहा. तिथल्या कारागिराने लाकडाच्या तुकड्याला रंग दिला की त्याचे डाळिंब होते, सीताफळ होते. आपण हात पुढे करतो. तिथे रंग काहीतरी घडवतो. आमच्या सोसायटीत मात्र सागवानावर रंग दिला की त्याचे काय होते? प्लायवुड होते. म्हणजे रंग दिल्यावर ते प्लायवुडहून वेगळे ओळखता येत नाही. माणसाने पैसे खर्चून आपल्या चांगल्या वस्तूची किंमत कमी करून घ्यावी, असा व्यवहार मी बँकेतसुद्धा फार वेळा पाहिलेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पाहा. त्यांचे दार आमच्यासारखेच अस्सल सागवानी. त्यांनी त्याला चॉकलेटी ऑइलपेंट दिला. लाकडाला लाकडाचा रंग! पुढे दोन वर्षांनी त्यांनी आतली सगळी कपाटे प्लायवुडची करून घेतली आणि त्यावर लॅमिनेट चिकटवले. लॅमिनेटवर नक्षी कसली, तर सागवानाच्या रेषांची. म्हणजे खऱ्या सागवानावर खोटा रंग आणि खोट्या लाकडावर खऱ्या सागवानाचा फोटो. सख्ख्या आईला वृद्धाश्रमात ठेवून दिवाणखान्यात ‘मातृदेवो भव’ची पाटी लावावी, तसला हा प्रकार.

आमची बँकही यात मागे नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत जुना सागवानी काउंटर होता. दोन पिढ्यांच्या खातेदारांनी कोपरे टेकून टेकून त्याची कड गुळगुळीत केली होती. पेन्शन घ्यायला येणारे आजोबा पासबुक देण्याआधी त्या कडेवरून हात फिरवीत. मग शाखेचे नूतनीकरण झाले. काउंटर लिलावात गेला. त्याच्या जागी काय आले, ते आपण ओळखले असेलच. त्या सागवानी नक्षीच्या लॅमिनेटचा एक कोपरा दुसऱ्याच पावसाळ्यात सुटला. आता आजोबा हात फिरवत नाहीत. हाताला कूस लागते.

आमच्या पुढच्या दाराची वंशावळ सांगितल्याशिवाय खटला पुढे जाणार नाही. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी आमचे घर होते. त्याच्या माजघराची भिंत १९८३ च्या पावसाळ्यात बसली. भिंत बसली आणि घर उठले. भावाभावांत वाटण्या झाल्या. थोरल्या काकांना जमीन आली, मधल्या काकांना भांडी आली आणि आमच्या अण्णांना लाकूड आले. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. वाटणीत लाकूड येणे हा त्यांच्या स्वभावाचाच भाग होता. पुढल्या वर्षी कोथरुडात हा दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. गावचे लाकूड ट्रकमधून आले आणि सुताराने त्यातून पुढचे दार, त्याची चौकट आणि झोपाळ्याची फळी केली. म्हणजे ज्या दाराला आम्ही आज पांढरे करायला निघालो होतो, त्याच्या तुळया माझ्या पणजोबांनी पाहिलेल्या होत्या.

अण्णा दर दोन-तीन वर्षांनी दाराला स्वतः पॉलिश करीत. मुहूर्त ठरलेला असे: पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन पडले की येणारा पहिला शनिवार, शाळा सुटल्यावर. पावसाळी हवेत पॉलिश केले तर त्यावर पांढुरका ढग येतो, म्हणून. आदल्या रात्री काचेच्या बरणीत स्पिरिट आणि त्यात चपडा लाख भिजत पडे. सकाळपर्यंत बरणीत मधासारखा रंग तयार. ही लाख म्हणजे एका बारीक किड्याने झाडाच्या फांदीवर केलेले घर. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून पळसावर, कुसुमावर, बोरीवर हे किडे वस्ती करतात. एका किड्याचे घर आमच्या घराच्या दाराला लागते, हे मला लहानपणी फार गमतीचे वाटे.

मग दार घासायचे. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक; आणि नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा हात मारला की अण्णा डोक्यात टपली देत. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापसाचा बोळा बांधून, तो बरणीत बुडवून पिळायचा आणि दारावर हलक्या हाताने फिरवायचा. थर वाळला की पुन्हा. असे आठ-दहा हात. प्रत्येक हाताबरोबर आतल्या रेषा जवळ येत, नदी खालून वर यावी तशा. संध्याकाळी घरभर स्पिरिटचा वास. शेजारी दोन दिवस अण्णांकडे संशयाने बघत.

हे सगळे मी भरल्या गळ्याने सांगितले. बायको म्हणाली, “लाखेच्या घराचं काय होतं ते महाभारतात आलेलं आहे.”

भावनेने काम होत नाही असे पाहून मी पुराव्याकडे वळलो. सागाच्या गाभ्यात स्वतःचे तेल असते. त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि पावसाळ्यात इतर लाकडांइतके ते फुगत-आकसत नाही. इंग्रजांनीसुद्धा हे ओळखले होते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी इंग्लंडात हार्टलपूल इथे अजून पाण्यावर तरंगते आहे. “दोनशे वर्षं!” मी म्हणालो. “आणि तुम्ही सात-आठ वर्षांच्या गोष्टी करता!”

मुलीने फोनवर बोट फिरवले आणि जहाजाचा फोटो माझ्यासमोर धरला. जहाज काळ्या-पांढऱ्या रंगाने नखशिखान्त रंगवलेले होते.

खोट्या साक्षीदारापेक्षा खरा साक्षीदार जास्त धोक्याचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. पण मी प्रामाणिक वकील आहे, म्हणून तिथेच एक गोष्ट कबूल करून टाकतो. जिथे लाकडावर रोजचे ऊन आणि थेट पाऊस येतो, तिथे रंगच हवा. पारदर्शक पॉलिशमधून ऊन आत शिरते आणि लाकडाला खाते. रंगातली पूड ते ऊन अडवते. लाखेच्या पॉलिशला तर पाण्याचे वावडेच. ओली छत्री टेकली की पांढरा डाग, गरम कप ठेवला की पांढरी चकती. तेव्हा समुद्रावर आणि पश्चिमेच्या खिडकीच्या बाहेरच्या अंगाला खुशाल रंग द्या. आमचे दार मात्र दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात आहे. तिथे सूर्य येत नाही, आणि पाणी नळालाच जेमतेम येते.

यानंतर मी माझे शेवटचे शस्त्र काढले: कॉमर्स. पॉलिश म्हणजे बचत खाते. वाटेल तेव्हा पैसे काढा, बंद करा, दुसरीकडे वळवा. पॉलिश केलेले दार आवडले नाही, तर उद्या त्यावर रंग देता येतो. रंग म्हणजे मुदत ठेव. मोडायची तर दंड भरावा लागतो. आज पांढरा रंग दिला आणि पाच वर्षांनी पुन्हा लाकूड पाहावेसे वाटले, तर तो रंग खरवडायला रंगाच्या तिप्पट मजुरी जाते आणि रेषांच्या खाचांतला पांढरा तरीही जात नाही. ज्या निर्णयातून परत फिरता येते तो आधी घ्यावा, एवढे शहाणपण तर पासबुक भरणाऱ्या माणसालाही असते.

दुसरे असे की रंग आतली खबर बाहेर येऊ देत नाही. चौकट साध्या लाकडाची असली की वाळवी ती आतून पोखरत नेते आणि वरचा रंग शाबूत राहतो. एक दिवस कोणीतरी खिळा ठोकायला जाते आणि हातोडीच चौकटीत जाते. ऑडिटिंगच्या पेपराला आम्हाला सजवलेल्या ताळेबंदावर टीप असे. आत खड्डा, वर चकाकी. ती टीप मला दहापैकी सातला येत असे. पॉलिश केलेल्या दाराचा ताळेबंद उघडा असतो. चीर पडली की दिसते, गाठ सुटली की दिसते.

ही मात्रा लागू पडली. बायको म्हणाली, “एवढं भाषण ऐकण्यापेक्षा करा पॉलिश.” मुलीने संडास-न्हाणीची प्लायवुडची दारे पांढरी करून घेण्याच्या अटीवर तडजोड मान्य केली. पुढचे दार सुटले. मी खटला जिंकला होता.

इथे थांबलो असतो तर हा लेख फार चांगला झाला असता. पण जिंकलेल्या वकिलाला अपील करायची खुमखुमी येते. माझी नजर स्वयंपाकघराच्या दारावर गेली.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला मी आठवतो तेव्हापासून हिरवा ऑइलपेंट आहे. सागवानासाठी माझ्या डोक्यात टपल्या देणाऱ्या अण्णांनी या दाराला रंग दिलाच कसा, हे कोडे मला लहानपणापासून होते. फोडणीचा धूर बसतो म्हणून आईने हट्ट धरला असावा, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. आता अण्णा नाहीत. तेव्हा त्यांच्या हातून झालेली एकुलती एक चूक दुरुस्त करणे हे मुलाचे कर्तव्यच नाही का? रविवारी दुपारी सगळे झोपलेले पाहून मी पत्ती आणि पॉलिश पेपर घेतला आणि दाराचा खालचा कोपरा खरवडायला बसलो.

पहिली आडवी आली ती मुलगी. “बाबा, थांबा! जुन्या रंगात शिसं असतं!” तिने फोन पुढे केला. या वेळी मी मुकाट्याने वाचले. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा रंग कोरडा खरवडला की शिशाची पूड हवेत उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. त्यांच्या मेंदूला ती कायमची इजा करू शकते. म्हणून जुना रंग घट्ट असेल तर त्याला डिवचू नये, हे उत्तम. डिवचायचाच तर ओला करून घासावा, तोंडाला मास्क लावावा, पोरांना लांब ठेवावे आणि नंतर झाडू न मारता जमीन ओल्या फडक्याने पुसावी. मी पाणी आणले, मास्क लावला आणि तळहाताएवढ्या तुकड्यापुरतेच काम चालू ठेवले. हट्ट हा आमच्या घराण्यातला गाभा. त्याला वाळवी लागत नाही.

हिरव्याखाली आकाशी निघाला. आकाशीखाली गुलाबी प्रायमर. त्याच्याखाली पापडाएवढा जाड लांबीचा थर. एवढी लांबी कोणी सागवानाला भरत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. लांबी सुटली आणि आतून सागवान नाही, तर फिकट, भुसभुशीत, खिळ्यांच्या भोकांनी भरलेली फळी बाहेर आली. तिच्यावर काळ्या शाईत अर्धवट इंग्रजी अक्षरे होती. मी मान वाकडी करून वाचले: ‘धिस साइड अप’. खोक्याची फळी. आणि तीही उलटी लावलेली.

मागे आई उभी होती.

“झालं समाधान?” ती म्हणाली.

“आई, हे दार सागवानी नाही?”

“दोन दारांचं लाकूड आलं होतं गावाहून. दुसरं वन्संच्या लग्नाला गेलं.” ती शांतपणे खुर्चीवर बसली. “मांडव उभा राहायचा होता, आचारी पैसे मागत होता. ह्यांनी एका रात्रीत वखारवाल्याला बोलावलं. मग खोक्यांच्या फळ्या आणून सुताराकडनं हे दार करून घेतलं आणि वन्सं मांडवपरतणीला यायच्या आत रंग देऊन टाकला. म्हणाले, तिला दिसायला नको.”

“आत्याला हे माहीत आहे?”

“नाही. आणि तू सांगायचं नाहीस.”

मी पत्ती खाली ठेवली. रंगाविरुद्ध आठ दिवस केलेली भाषणे मला एकेक करून आठवू लागली. सजवलेला ताळेबंद, आत खड्डा, वर चकाकी.

“पण आई, अण्णांनी हे लपवलं म्हणजे—”

“लपवलं नाही रे. झाकलं,” आई म्हणाली. “लपवणं वेगळं, झाकणं वेगळं. कॉमर्सला शिकवत नाहीत का?”

नाही शिकवत. सागवानाला रंग दिला तर ते लपवणे. खोक्याच्या फळीला दिला तर ते झाकणे. तेव्हा रंग की पॉलिश, हे छटांच्या पुस्तकात बघून ठरत नाही. आधी आतले लाकूड बघावे लागते, आणि ते कोणी, कशासाठी लावले होते, तेही विचारावे लागते. माझे वकीलपत्र मी मागे घेतलेले नाही. सागवानाला रंग देणारा माझ्या लेखी आजही गुन्हेगारच आहे. फक्त अशील नीट ओळखल्याशिवाय यापुढे कोर्टात उभा राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी रंगवाल्यांनी विचारले, “साहेब, याला पण पॉलिश धरू का?”

“नाही. याला रंग द्या. हिरवाच. आणि त्या कोपऱ्यात लांबी नीट भरा.”

पुढच्या दाराचे पॉलिश मी ऑक्टोबरच्या उन्हात स्वतः केले. मुलीने तीन हात फिरवले. चौथ्याला तिचा हात आडवा गेला आणि मी तिच्या डोक्यात टपली दिली. बायको म्हणते, दार चांगले दिसते, पण घराला बारचा वास येतो.

दिवाळीत आत्या आली. दारातच थांबून तिने पुढच्या दारावरून हात फिरवला आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाली, “दादानं किती जिवापाड जपलं होतं हे लाकूड!” हा लेख तिच्या वाचनात येईल अशी भीती मला नाही, आमच्या घरात माझे लेख कोणीच वाचत नाही. मग ती आत गेली, स्वयंपाकघरात पाट ओढून घेतला आणि आईशी बोलत हिरव्या दाराला पाठ टेकून बसली. गेली चाळीस वर्षे तिला टेकायला तेच दार लागते.